बेसबॉलची मॅच कधी थांबवायची: वीज, पाऊस आणि अंधार, मैदानावर निर्णय कसा घ्यायचा

एप्रिल आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून दरवर्षी नवीन माणसं बेसबॉलच्या मैदानावर ओढली जातात. पोरगं लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये घातलेलं असतं, पहिल्या सीझनला आपण खुर्ची टाकून बघत बसतो, मग लीगचा ईमेल येतो की अंपायर कमी पडतायत, कोणी येणार का, आणि आपण क्रिकेट बघत वाढलेलो, हो म्हणून टाकतो. स्ट्राईक झोन, बॉक, इनफिल्ड फ्लाय हे सगळं क्लिनिकमध्ये शिकवतात. पण पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलंय, चौथी इनिंग चालू आहे, एका बाजूचे पालक म्हणतायत खेळा हो, दुसऱ्या बाजूचे म्हणतायत थांबवा, आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघतायत, त्या वेळी काय करायचं हे कोणी नीट बसून सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. डोळ्यांसमोर नऊ ते बारा वर्षांची मुलं आणि दिवे नसलेलं टाऊनशिपचं मैदान आहे, उदाहरणं न्यू जर्सीची आहेत, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियावाल्यांनी वेळा आपापल्या लावून घ्याव्यात.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. वीज, पाऊस आणि अंधार हे तीन वेगळे निर्णय आहेत आणि तिन्हींना एकच मोजपट्टी लावली की घोळ होतो. विजेत विचार करायचाच नाही, ऐकलं की थांबायचं. पावसात पायाखाली बघायचं. आणि अंधारात आत्ता किती दिसतंय ते बघायचं नसतं, अजून वीस-पंचवीस मिनिटांनी किती दिसेल ते बघायचं असतं.

क्रिकेटची सवय जरा बाजूला ठेवा

आपल्या डोक्यात क्रिकेट असतं त्यामुळे तीन ठिकाणी गोंधळ होतो. एक, क्रिकेटचे अंपायर लाईट मीटर काढून आकडा बघतात, इथे तसा काही प्रकार नाही, बेसबॉलच्या नियमात उजेडाचा आकडाच दिलेला नाही, ठरवायचं ते अंपायरने डोळ्यांनी. दोन, क्रिकेटमध्ये थोडा पाऊस आला की कव्हर्स आत येतात, इथे भुरभुर पावसात बिनधास्त खेळतात आणि त्यात काही चुकीचं नाही. तीन, डकवर्थ-लुईससारखं गणित इथे नाही. इथे प्रश्न एवढाच की मॅच 'रेग्युलेशन' झाली का, म्हणजे निकाल धरण्याइतकी खेळून झाली का. एका इनिंगचे दोन अर्धे असतात, वरच्या अर्ध्यात पाहुणी टीम बॅटिंग करते आणि खालच्या अर्ध्यात होम टीम. लिटल लीगच्या सहा इनिंगच्या मॅचमध्ये चार इनिंग पूर्ण झाल्या, किंवा होम टीम पुढे असेल तर साडेतीन झाल्या, की ती रेग्युलेशन. सात इनिंगवाल्या मोठ्या मुलांच्या मॅचला पाच किंवा साडेचार लागतात, मेजर लीगलाही, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या सगळ्यात वरच्या लीगलाही, तेवढ्याच.

त्याच्या आधी थांबली तर काय? लिटल लीगमध्ये एक तरी इनिंग झाली असेल तर दुसऱ्या दिवशी जिथे थांबली तिथूनच पुढे चालू, एकही पूर्ण झाली नसेल तर पहिल्यापासून. मेजर लीगमध्ये आधी असं नव्हतं, अर्धवट मॅच सरळ पुसली जायची. शिकागोच्या रिगली फील्डवर कित्येक दशकं दिवेच नव्हते, ते ८ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा लागले, केवढा गाजावाजा, तिथली टीम कब्ज ३-१ ने पुढे, आणि साडेतीन इनिंगनंतर असा पाऊस कोसळला की मॅच रद्द झाली. रन्स, होमरन, सगळं रेकॉर्डमधून गेलं आणि तिथली पहिली अधिकृत नाईट मॅच ९ तारखेची धरली गेली.

घरून निघण्याआधी

निम्मा निर्णय इथेच होतो, खरंच. सूर्यास्ताची वेळ बघून कार्डावर लिहून ठेवा. न्यू जर्सीत एप्रिलच्या सुरुवातीला तो साधारण साडेसातला, मेच्या मध्याला आठ दहाच्या आसपास, जूनअखेरीला साडेआठला. फॉल बॉल, म्हणजे सप्टेंबरनंतरचा सीझन खेळवत असाल तर जास्त जपून, कारण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य सात पंचवीसला मावळतो आणि महिनाअखेरीला पावणेसातच्याही आत. दर आठवड्याला दहा-अकरा मिनिटं जातात आणि वेळापत्रक बनवणाऱ्याने मात्र सगळ्या मॅचेस सहालाच लावलेल्या असतात.

सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश आपल्याला फसवतो. मुंबई-पुण्याला सूर्य बुडाला की पंचवीस मिनिटांच्या आत अंधारून येतं, ते आपल्या अंगात मुरलेलं असतं. न्यू जर्सीत जूनमध्ये तेच अर्ध्या तासाच्या थोडं वर ताणतं, त्यामुळे आकाश बराच वेळ उजळ दिसतं आणि वाटतं की अजून खूप वेळ आहे. आकाश उजळ असतं पण मैदान नसतं, बॉल झाडांच्या रेषेच्या खाली आला की गायब. माझा हिशोब असा: आभाळ स्वच्छ असेल तर सूर्यास्तानंतर फार तर पंधरा मिनिटं, ढग असतील तर सूर्यास्तापर्यंतच, आणि मैदानाच्या पश्चिमेला उंच झाडी किंवा टेकाड असेल तर त्याच्याही आधी. ही जी वेळ निघेल तिला 'शेवटची मिनिट' म्हणून कार्डावर खूण करा.

दिवे असलेलं मैदान असेल तर टाऊनला आधी विचारून ठेवा की दिवे कोण लावणार, चावी कोणाकडे, आणि ते आपोआप किती वाजता बंद होतात. खूप पार्कमध्ये टायमर असतो. जुने मेटल हॅलाईडचे दिवे एकदा ट्रिप झाले की गार होऊन परत पेटायला दहा-वीस मिनिटं घेतात, त्यामुळे दिवे गेले म्हणून लगेच मॅच गुंडाळू नका, मुलांना आत बोलवा आणि थांबा. एलईडी असतील तर वीज आली की लगेच लागतात.

हवामानाचं रडार बघा, पण ते कधी निघायचं हे ठरवायला, मैदानावर खेळ चालू ठेवायला नाही. रडारवर काही नाही म्हणून गडगडाट ऐकू येऊनही खेळवत राहणारे लोक असतात, ते अतिशय चुकीचं आहे.

होम प्लेटवरच्या मीटिंगमध्ये बोलून घ्या

मॅच सुरूच करायची का, हा निर्णय अंपायरचा नसतो. लिटल लीगमध्ये मैदान खेळण्यासारखं आहे का ते दोन्ही मॅनेजर मिळून ठरवतात, त्यांचं जमलं नाही तर लीगचा प्रेसिडेंट किंवा त्याने नेमलेला माणूस. मेजर लीगमध्ये हा अधिकार होम टीमचा, लाईनअप कार्ड, म्हणजे टीमच्या बॅटिंग ऑर्डरची यादी, अंपायरच्या हातात पडेपर्यंत. एकदा मॅच सुरू झाली की मात्र थांबवणं, परत चालू करणं, रद्द करणं हे सगळं अंपायरकडे. कोच विनंती करू शकतो, ठरवू शकत नाही.

म्हणून लाईनअप घेतानाच दोन्ही मॅनेजरना सांगून टाका: आज सूर्यास्त इतक्याला, इतक्या वाजल्यानंतर नवीन इनिंग सुरू होणार नाही, गडगडाट ऐकला की मी हात वर करणार आणि सगळे गाड्यांकडे, कुठलं मूल कोणाच्या गाडीत बसणार ते आत्ताच ठरवा. स्कोअर ०-० असताना हे बोललं की कोणाला त्यात पक्षपात दिसत नाही, तेच वाक्य पाचव्या इनिंगला एक रनचा फरक असताना बोललं की भांडण ठरलेलं.

वीज

गडगडाट ऐकू आला किंवा वीज चमकलेली दिसली, खेळ बंद. बॅटर दोन स्ट्राईकवर आहे, बेसेस लोडेड आहेत, काही बघायचं नाही. दोन्ही हात वर, मोठ्याने टाईम, आणि सगळ्यांना मैदानाबाहेर.

चमक आणि आवाज यांच्यातले सेकंद मोजून वीज किती लांब आहे ते काढायची पद्धत आपण शाळेत शिकलोय, तीन सेकंदाला एक किलोमीटर. गणित बरोबर आहे, पण त्यावर खेळ चालू ठेवू नका. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीज ढगापासून तेवढ्या अंतरावरही पडू शकते, तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना. म्हणजे ऐकू आला याचा अर्थच आपण टप्प्यात आहोत. न्यू जर्सीतले जून-जुलैचे संध्याकाळचे पाऊस आपल्या वळवासारखेच येतात, दिवसभर उकडणार आणि पाचच्या पुढे अर्ध्या तासात आभाळ फिरणार, त्यामुळे संध्याकाळच्या मॅचला हा प्रसंग सीझनमध्ये येतोच येतो.

मुलांना कुठे न्यायचं हे इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथेच चुका होतात. डगआउट, म्हणजे टीमची बसायची जागा, सुरक्षित नाही. वर पत्रा, खाली लोखंडी बाक, समोर तारेची जाळी, मुलं आपण होऊन तिथेच गोळा होतात आणि कोच पण त्यांना तिथेच बसवतात. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या बाकांखाली (ब्लीचर्स) नाही, झाडाखाली नाही, पिकनिकच्या उघड्या शेडमध्ये नाही. चालतं ते फक्त भिंती, वायरिंग आणि नळ असलेलं खरं बांधकाम, किंवा पत्र्याच्या छपराची बंद गाडी, काचा वर करून. बॅटा आणि हेल्मेट जिथे आहेत तिथेच टाकून जायचं, बॅगा आवरत बसायचं नाही. मोठ्यांनी मुलं मोजून गाडीत बसवायची, आणि ज्यांचे आईवडील सोडून गेलेत त्यांना दोन मोठी माणसं असतील अशा गाडीत, इतर मुलांबरोबर बसवायचं, एकट्याला कोणा एकाबरोबर नाही.

आता टायमर. शेवटचा गडगडाट किंवा चमक, तिथून ३० मिनिटं. मध्ये परत ऐकलं की घड्याळ परत शून्यावर. फोनवर टायमर लावा आणि प्रत्येक आवाजाची वेळ कार्डावर लिहा, कारण पंचवीस मिनिटं झाली की कोणीतरी येऊन सांगणारच की झाली झाली, अर्धा तास झाला. काही पार्कमध्ये भोंगा असतो, बहुतेक ठिकाणी एक लांब भोंगा म्हणजे मैदान सोडा आणि तीन छोटे म्हणजे परत या. भोंगा वाजला नाही पण तुम्ही ऐकलं, तर तुमचे कान खरे.

१९१९ साली, २४ ऑगस्टला, क्लीव्हलंडचा पिचर रे कॉल्डवेल नवव्या इनिंगला दोन आउट असताना माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, विजेने खाली पडला आणि उठून त्याने मॅच पूर्ण केली. ही गोष्ट लोक मजेत सांगतात. मला ती सांगताना कोणाच्या चेहऱ्यावर हसू दिसलं की काळजी वाटते, कारण तो वाचला हा निव्वळ योगायोग होता आणि आपल्यासमोर दहा वर्षांची पोरं उभी असतात.

महाराष्ट्रात शाळांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल स्पर्धा भरवणाऱ्यांनाही नियम हाच लागू आहे. तिथल्यांनी फोनवर दामिनी ॲप ठेवावं, पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं आहे आणि आजूबाजूला वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं.

पाऊस आणि चिखल

विजेशिवाय नुसता पाऊस असेल तर घाई नको. तीन ठिकाणं बघायची: पिचरचा पाय, पिचरचा हात, बेसच्या आजूबाजूची माती. बॉल टाकताना पिचरचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे जाऊन स्वतः उभे राहा, टाच फिरवून बघा. टाच घसरत गेली किंवा खड्ड्यात पाणी दिसायला लागलं तर गुडघा मुरगळायची वेळ आलेली आहे. पिचर प्रत्येक बॉलआधी पँटला हात पुसतोय, लागोपाठ दोन बॉल बॅटरच्या डोक्याच्या बाजूला गेले, तर ग्रिप गेलेली आहे, थांबवा. बॅटरच्या हातातून बॅट सुटून डगआउटच्या दिशेने गेली तर दुसऱ्यांदा सुटायची वाट बघू नका. आणि बेसपाशी बूट उचलल्यावर ठशात पाणी भरत असेल तर मुलं स्लाईड करताना अडकून पडणार.

गवत ओलं असलं तरी बरंच चालून जातं, मातीचं तसं नाही. डबकं साचलं असेल तर झाडूने पाणी गवतात ढकलू नका, कडेला चिखलाचा उंचवटा होतो आणि पुढचे कित्येक आठवडे तिथे पाणी तुंबतं. स्पंजने किंवा हातपंपाने पाणी काढा, मग मैदान सुकवायची भाजलेल्या मातीची पूड टाका, मग रेक फिरवा, याच क्रमाने. पाण्यातच पूड ओतली की लगदा होतो आणि मैदान गेलंच.

खेळ थांबवला की नियमाप्रमाणे ३० मिनिटं होईपर्यंत मॅच रद्द करायची नाही, आणि त्यानंतरही उघडीप मिळेल असं वाटत असेल तर थांबता येतं. मेजर लीगवाले दोन-दोन तास थांबतात, त्यांची तिकिटं विकलेली असतात. शाळेच्या दिवशी दहा वर्षांच्या मुलांना ओल्या कपड्यांत तासभर बसवण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

जास्त ताणलं की काय होतं ते २००८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दिसलं. फिलाडेल्फियात, म्हणजे फिलीज टीमच्या घरी, २७ ऑक्टोबरला पाचवी मॅच, कडाक्याची थंडी, पाऊस, इनफिल्डमध्ये पाणी साचलेलं, आणि तरी खेळवत राहिले. सहाव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात टँपा बेने २-२ अशी बरोबरी केली आणि मग मॅच थांबवली. ती २९ तारखेला तिथूनच पुढे सुरू झाली, फिलीज ४-३ ने जिंकले. पण बरोबरी झाली नसती तर काय केलं असतं या प्रश्नावर एवढी चर्चा झाली की पुढच्या सीझनच्या आधी नियम करावा लागला, पोस्टसीझनची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची, प्रत्येक मॅच पूर्णच खेळायची. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच की मैदान खराब आहे का हे स्कोअरकडे न बघता ठरवा आणि लवकर ठरवा.

अंधार

हा सगळ्यात कठीण, कारण तो हळूहळू येतो आणि डोळे जुळवून घेत जातात. होम प्लेटमागे तासभर उभ्या असलेल्या अंपायरला वाटतं दिसतंय की, आणि त्याच वेळी सेंटर फील्डमधल्या मुलाला बॉल बॅटवरून निघालेलाच दिसत नसतो.

म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून दर इनिंगच्या ब्रेकमध्ये जागा बदलून बघा. थर्ड बेसच्या मागे जाऊन उभे राहा आणि सराव करणाऱ्या पिचरचा बॉल हातातून सुटताना दिसतोय का बघा. मग बेस अंपायरला विचारा, मग कॅचरला, कॅचर खरं सांगतो कारण बॉल त्याच्याच अंगावर येतो. कोचला एक-दोन उंच बॉल आउटफिल्डला मारायला सांगा आणि मूल कधी हलतं ते बघा. बॉल वर असताना हललं तर ठीक, बॉल झाडांच्या खाली आल्यावर दचकून हललं तर संपलं. आकाशाच्या पार्श्वभूमीवर बॉल दिसत राहतो, झाडांच्या काळ्या रेषेवर आधी हरवतो, त्यामुळे सगळ्यात आधी धोका लाईन ड्राईव्हचा, म्हणजे सरळ रेषेत जोरात येणाऱ्या फटक्याचा. लिटल लीगचा पिचर ४६ फुटांवर उभा असतो, ताशी ६० मैलांनी बॉल आला तर अर्धा सेकंद मिळतो, आणि परत मारलेला बॉल त्याहून जोरात येतो. पिचर, थर्ड बेस आणि फर्स्ट बेसवाले हे आधी वाचवायचे. संध्याकाळी मळके बॉल बाजूला काढून नवे पांढरे काढा, त्याने पाच-सात मिनिटं नक्की मिळतात.

सूर्य डोळ्यांवर येतो तो वेळ वेगळा. नियमाप्रमाणे होम प्लेटपासून सेकंड बेसची रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे संध्याकाळी बॅटरच्या डोळ्यांवर सूर्य येत नाही, तो राईट फील्डवाल्याच्या येतो. पार्कातली मैदानं जागा मिळेल तशी आखलेली असतात आणि बॅटर थेट सूर्याकडे बघतोय असंही होतं. तसं असेल तर दहा मिनिटं थांबा, सूर्य झाडाआड जातो, मग पुढे.

मुख्य हिशोब असा. या वयाच्या मुलांची एक पूर्ण इनिंग वीस-पंचवीस मिनिटं खाते, वॉक्स (चार बॉल बाहेर गेल्याने फुकट मिळणारे बेस) जास्त असतील तर अर्धा तास. तिसरा आउट झाला त्या क्षणी पुढची इनिंग सुरू झाली असं धरतात. तेव्हा घड्याळ बघा: आत्ता अधिक पंचवीस मिनिटं हे तुमच्या 'शेवटच्या मिनिटाच्या' आत बसतंय का? बसत असेल तर दोन्ही मॅनेजरना बोलावून सांगा की ही शेवटची इनिंग. बसत नसेल तर सुरूच करू नका. दोन्ही टीमना बॅटिंगची सारखी संधी मिळते ती अशीच. पण इनिंगच्या मध्येच खरंच दिसेनासं झालं तर तिथेच थांबवा. सारखी संधी नंतर देता येते.

एकदा शेवटची इनिंग जाहीर केली की पिछाडीवरची टीम बुटाच्या नाड्या बांधत बसणार, आघाडीवरची घाई करणार. दोघांनाही एकदा शांतपणे ताकीद द्या, मुद्दाम वेळ काढणाऱ्या टीमला मॅच गमवावी लागू शकते हे नियमात आहे.

आधी सांगण्याने किती फरक पडतो ते बघा. २८ सप्टेंबर १९३८, रिगली फील्ड, कब्ज आणि पायरेट्स ५-५. अंधारून आलं होतं आणि अंपायरनी नववी इनिंग शेवटची असं ठरवलं होतं, बरोबरी राहिली असती तर सगळी मॅच दुसऱ्या दिवशी परत. दोन आउट, दोन स्ट्राईक, आणि कब्जच्या गॅबी हार्टनेटने होमरन मारला, पुढे कब्जनी नॅशनल लीग जिंकली. उजेड इतका कमी होता की मला विचाराल तर ती इनिंग सुरूच करायला नको होती, पण अंपायरनी अन्याय केला अशी ओरड झाली नाही, कारण शेवट कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. याउलट ५ ऑक्टोबर १९२२, वर्ल्ड सिरीजची दुसरी मॅच, दहा इनिंगनंतर ३-३ असताना अंपायर जॉर्ज हिल्डब्रँड यांनी अंधाराचं कारण देऊन ती थांबवली आणि बाहेर चांगला उजेड! लोक इतके खवळले की बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर लँडिस यांनी त्या दिवशीचं सगळं उत्पन्न, १ लाख २० हजार डॉलरच्या वर, धर्मादाय संस्थांना देऊन टाकलं.

तिन्ही एकत्र आले की

खरी संध्याकाळ अशी असते. मेच्या मध्याचा दिवस, सूर्यास्त ८:१०, ढगाळ, म्हणजे शेवटची मिनिटही ८:१०. मॅच ५:४५ ला सुरू, दुसऱ्या इनिंगच्या मध्यात ६:२५ ला गडगडाट. टायमर ६:५५ पर्यंत. ६:४८ ला परत आवाज, आता ७:१८. त्यानंतर पिचरचा वॉर्मअप, माती सारखी करणं, ७:२८. हातात ४२ मिनिटं, म्हणजे राहिलेली अर्धी इनिंग आणि एक पूर्ण. आज चार इनिंग होऊच शकत नाहीत, मॅच दुसऱ्या दिवशी इथूनच पुढे न्यावी लागणार. मग मी मुलांना ७:१८ पर्यंतही ताटकळत ठेवत नाही, ६:५५ ला नियमातला अर्धा तास भरला की दोन्ही मॅनेजरशी बोलून त्या दिवसापुरती मॅच थांबवतो आणि मुलांना गाड्यांतूनच घरी पाठवतो. हेच चौथ्या इनिंगच्या मध्यात झालं असतं तर मात्र थांबलो असतो.

धूर आणि उन्हाचंही थोडक्यात. ७ जून २०२३ ला कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कची यँकीज आणि फिलीज दोघांच्याही घरच्या मॅचेस पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक (AQI) १५० च्या वर, म्हणजे लाल रंगात असेल तर मुलांची मॅच मी सुरू करू देणार नाही, दम्याची मुलं असतील तर त्याच्याही आधी. कडक उन्हात दर इनिंगला पाणी, आणि कॅचर बदलत राहा.

थांबवल्यावर काय लिहायचं

दोन्ही टीमची स्कोअरबुकं शेजारी ठेवून एकमेकांशी जुळवा आणि फोनवर फोटो काढा. थांबल्याची वेळ, कारण, इनिंग वरची की खालची, आउट, बॅटर कोण आणि त्याचे बॉल-स्ट्राईक, बेसवर कोण कुठे, बॅटिंग ऑर्डर, बदली झालेली मुलं, आणि प्रत्येक पिचरचे त्या दिवशीचे पिचेस, म्हणजे त्याने टाकलेले बॉल. शेवटचं कोणी लिहीत नाही आणि भांडण त्यावरूनच होतं, कारण मॅच पुढे सुरू होते तेव्हा तोच पिचर परत टाकू शकतो, पण नियमाने लागणारे विश्रांतीचे दिवस झाले असतील तरच. अर्ध्या राहिलेल्या इनिंगमधल्या रन्सचं काय, हे लीगप्रमाणे बदलतं, तुमच्या लीगचं पुस्तक सीझनच्या आधी वाचून ते पान फोनमध्ये ठेवा. दोन्ही मॅनेजरच्या सह्या घ्या आणि त्याच रात्री लीगच्या शेड्युलरला पाठवून द्या, पुढची तारीख लावताना त्या पिचरच्या विश्रांतीचे दिवस मोजूनच लावायला सांगा.